पकड शिकू द्या, कॉलेज सोडू देऊ नका

निकाल आणि प्रो कबड्डीचा लिलाव मागेपुढे आले की पालकांचा एकच प्रश्न सुरू होतो: मुलाची पकड भक्कम आहे, मग बारावीनंतर कॉलेज सोडून त्याला निवासी अकादमीत घालावं का? तमिळनाडूतल्या दारासुरम्-कुंभकोणमकडच्या मराठी घरांनाही माझं उत्तर तेच आहे. घालू नका. 2023 मध्ये पुणेरी पलटणने इराणच्या शादलूवर 2 कोटी 35 लाख रुपये लावले, तो आकडा घरोघरी पाठ आहे. त्याच लिलावात ‘ड’ गटाची मूळ किंमत 9 लाख होती, हे कुणी सांगत नाही. संघ 12, संघात जास्तीत जास्त 25 खेळाडू, म्हणजे देशी-परदेशी मिळून जागा 300. पुढच्या वर्षी पुन्हा बोली लागेलच याची हमी कुणालाच नाही.

तुमच्याच तंजावर जिल्ह्यातल्या धर्मराज चेरलाथनकडे नीट पाहा. उजवा कोपरा सांभाळणाऱ्या या बचावपटूचा जन्म 1975 चा आणि प्रो कबड्डी सुरू झाली 2014 मध्ये, त्याच्या एकोणचाळिशीत. 2016 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पाटणा पायरेट्स विजेते ठरले, त्याच वर्षी अहमदाबादला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता; पुढे तो पुणेरी पलटण आणि यू मुंबाकडूनही खेळला. लीग नव्हती तेव्हा या पिढीतल्या कबड्डीपटूंना जगवलं ते रेल्वे, पोलीस, बँका, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम यांच्या संघांनी, म्हणजेच खेळाडू म्हणून मिळालेल्या नोकरीने. ही वाट आजही उघडी आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव असतात. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेतली कामगिरी लागते, आणि वरच्या पदांसाठी पदवीही. अकादमीत कोंडलेल्या मुलाच्या हाती नेमकी ती पदवीच येत नाही.

आपल्या बचावपटूचा अमेरिकेतला जवळचा भाऊ म्हणजे तिथल्या फुटबॉलमधला लाइनबॅकर. चेंडू घेऊन येणाऱ्याला धडकून खाली पाडणं हे त्याचं काम. पैसा तिथे अफाट आहे, तरीही शाळा संपून तीन वर्षं झाल्याखेरीज तिथली व्यावसायिक लीग एनएफएल खेळाडूला घेत नाही. ती वर्षं बहुतेक जण कॉलेजात खेळत काढतात. भारतीय वडिलांचा मुलगा ब्रँडन चिलार असाच यूसीएलए विद्यापीठातून 2004 मध्ये सेंट लुईसच्या संघात गेला, नंतर ग्रीन बेकडून खेळला. त्याचा शेवटचा हंगाम 2010 चा, दुखापतीने अर्ध्यावर तुटलेला. वय होतं 28. अंगावर माणूस घेण्याच्या खेळात शरीर किती लवकर थकतं, ते यावरून ओळखा.

कुणी गणितज्ञ रामानुजन यांचं नाव पुढे करतं: कुंभकोणमच्याच सरकारी कॉलेजात इतर विषयांत नापास होऊन त्यांची शिष्यवृत्ती गेली, तरी ते जगाला कळलेच ना? कळले. पण पदवी नसल्याने त्यांची कशी वणवण झाली आणि 1912 मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टची महिना 30 रुपयांची कारकुनी मिळाल्यावर डोक्याला किती स्वस्थता आली, तेही वाचा. शिवाय गणिताला गुडघ्याचा स्नायुबंध लागत नाही. दुसरा आक्षेप असा की कॉलेज करताना सराव होत नाही. सकाळ-संध्याकाळचं मैदान आणि मधले तास वर्ग, हे जमतं. आंतरविद्यापीठ स्पर्धा तर कॉलेजात नाव असल्याशिवाय खेळताच येत नाही.

आणि पालकांनो, स्पष्टच बोलतो. लिलावाचं स्वप्न बऱ्याच घरांत मुलाआधी वडिलांना पडलेलं असतं. त्यापायी चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला वजन वाढवायला नाव-गाव नसलेल्या पावडरी देणं हा गुन्हा समजा. त्यात बंदी असलेलं द्रव्य निघालं तर कारवाई मुलावर होते, विकणाऱ्यावर नाही. दुखऱ्या गुडघ्यावर पट्टी बांधून त्याला मैदानात उतरवू नका, आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. अकादमीत पाय ठेवलात तर चषकांचं कपाट बघत बसू नका. इथली किती मुलं पदवीधर झाली आणि जायबंदी मुलाच्या उपचाराचा खर्च कोण करतं, हे विचारा, आणि उत्तर लेखी मागा.