आसामचे बारा महिने आणि तीन बिहू
(इयत्ता चौथी)

मित्रांनो, मागच्या महिन्यात मी वर्गात म्हणालो की आसामात चैत्र हा वर्षाचा शेवटचा महिना असतो. तेव्हा तुम्ही सगळे हसलात. एक जण तर म्हणाला, "तुझ्या मामाला पंचांगच येत नाही." म्हणून हा लेख लिहिला आहे. पूर्ण वाचा, मग हसा.

माझे मामा लष्करात आहेत. ते आसामात तेजपूरला होते. तेजपूर ब्रह्मपुत्रा नदीच्या काठी आहे. मामा सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी मला आसामी महिने पाठ करायला लावले. बोहाग, जेठ, आहार, साओन, भाद, आहिन, काति, आघोन, पुह, माघ, फागुन, सोत. नीट ऐकले तर आपलेच महिने आहेत. बोहाग म्हणजे वैशाख, पुह म्हणजे पौष आणि सोत म्हणजे चैत्र. आहार म्हणजे जेवण नाही, तो आषाढ. मी पहिल्यांदा चुकलो होतो.

त्यांचे वर्ष बोहागपासून सुरू होते, १४ किंवा १५ एप्रिलला. म्हणून सोत शेवटी येतो. हे असे का, ते मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी फळ्यावर गुढीपाडव्याच्या तारखा लिहिल्या. २०२३ साली २२ मार्च, २०२४ साली ९ एप्रिल, २०२५ साली ३० मार्च. पाडवा दरवर्षी जागा बदलतो, कारण आपले महिने चंद्रावर चालतात. बारा चांद्र महिन्यांचे दिवस होतात सुमारे ३५४. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवस कमी पडतात. ते साठत जातात, म्हणून साधारण तीन वर्षांनी अधिक महिना घालावा लागतो. २०२३ साली अधिक श्रावण आला होता, म्हणून पुढचा पाडवा एकदम एप्रिलात गेला.

आसामी महिने सूर्यावर चालतात. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत गेला की महिना बदलला. म्हणजे दर महिन्याला एक संक्रांत! आपणसुद्धा मकरसंक्रांत सूर्यावरूनच धरतो, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. सूर्य मेष राशीत गेला की त्यांचा बोहाग लागतो. २०२५ साली आपण ३० मार्चला गुढी उभारली तेव्हा त्यांचा सोत निम्माच झाला होता. त्यांचे नवे वर्ष पंधरा दिवसांनी लागले. आता सांगा, कोणाला पंचांग येत नाही?

पण दुर्गापूजा आणि शिवरात्र तेही तिथीवरच करतात, हे खरे आहे.

त्यांचा सगळ्यांत मोठा सण बिहू. तो वर्षातून तीनदा येतो आणि तिन्ही वेळा भाताच्या शेतीला धरून येतो.

पहिला रोंगाली बिहू, एप्रिलात. तेव्हा पेरणीचे दिवस जवळ येतात. सोतच्या शेवटच्या दिवशी गोरू बिहू असतो. गोरू म्हणजे गुरे. त्या दिवशी गुरांना नदीवर नेतात, उडीद आणि हळद वाटून अंगाला लावतात आणि धुतात. दुधी आणि वांग्याचे तुकडे त्यांच्यावर टाकतात. संध्याकाळी नवीन दाव्याने बांधतात आणि माश्या-डास जाण्यासाठी गोठ्यात धूर करतात. हे ऐकून माझे बाबा म्हणाले, "हा तर आपला पोळाच की!" आपणही पोळ्याला बैलांच्या खांद्याला हळद लावतो, नवीन वेसण, नवीन कासरा आणतो. फक्त पोळा पावसाळ्यात येतो. दुसऱ्या दिवशी माणसांचा बिहू. मोठ्यांच्या पाया पडायचे आणि त्यांना गमोसा द्यायचा. मग ढोल आणि म्हशीच्या शिंगाचा पेपा वाजवत घरोघरी नाचगाणे करतात. १३ एप्रिल २०२३ रोजी गुवाहाटीच्या स्टेडियममध्ये अकरा हजारांहून जास्त लोक एकदम बिहू नाचले, त्याचा जागतिक विक्रम झाला.

आहार महिन्यात कामाख्या देवीचे देऊळ तीन दिवस बंद असते. त्याला अंबुबाची म्हणतात. त्या दिवसांत शेतकरी नांगर धरत नाहीत, जमिनीला विश्रांती देतात.

दुसरा काति बिहू, ऑक्टोबरात. याला कोंगाली बिहूसुद्धा म्हणतात. कोंगाली म्हणजे आपला कंगाल शब्द. तेव्हा भात शेतात हिरवा उभा असतो आणि घरातले धान्य संपत आलेले असते. म्हणून जेवणावळी नाहीत, नाच नाही. तुळशीपाशी पणती लावतात. शेतात बांबूवर उंच दिवा टांगतात, त्याला आकाशबंती म्हणतात. मी म्हणालो, हा कसला सण? गोड नाही, काही नाही. तर आजी म्हणाली, "कणगी रिकामी असताना दिवा तर दिवा. खरे बोलणारी माणसे दिसतात ती." आजीला हाच बिहू सगळ्यांत आवडला.

तिसरा भोगाली बिहू, आपल्या संक्रांतीच्या वेळी. भात कापून घरात आलेले असते. आदल्या रात्रीला उरुका म्हणतात. मुले शेतात बांबू आणि पेंढ्याची झोपडी बांधतात आणि सगळे मिळून जेवतात. पहाटे आंघोळ करून मेजी नावाची मोठी होळी पेटवतात. अर्धवट जळालेली लाकडे फळझाडांच्या बुडाशी टाकतात. तांदळाच्या पिठाचे पिठा आणि तिळाचे लाडू खातात. तीळ तिथेही, तीळ इथेही!

मामांनी आईला एक गमोसा आणला. पांढरे कापड, त्याला लाल काठ. आईने तो न्हाणीत अडकवला. मामा म्हणाले, "ताई, हा मानाने गळ्यात घालतात." आईने विचारले, गमोसा म्हणजे काय? मामा म्हणाले, "गा म्हणजे अंग, मोसा म्हणजे पुसणे." आई म्हणाली, "मग टॉवेलच झाला की!" मामा गप्प बसले. आम्ही खूप हसलो. पण त्या दिवसापासून आईने तो ट्रंकेत घडी करून ठेवला.

गुरुजींनी सांगितले म्हणून तो आजच्या दिवस आणला आहे. या भित्तिपत्रकाशेजारी खिळ्याला अडकवला आहे. पाहायचा असेल तर आधी हात धुऊन या. आणि त्याला पुसू नका.