संगमरवराआधीची माती



शिल्पकलेच्या शिक्षणात संगमरवराची पाळी आली की विद्यार्थ्याचे सारे लक्ष छिन्नीकडे लागते. परंतु संगमरवरी व्यक्तिशिल्पाचे यशापयश बहुतांशी दगडाला हात लागण्यापूर्वीच, मातीत, ठरून गेलेले असते. याचा दाखला अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात, शिर्डीच्या समाधिमंदिरात आहे. तेथील सुमारे साडेपाच फूट उंचीची साईबाबांची मूर्ती मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम (१८८८–१९७०) यांनी घडविली आणि तिची प्रतिष्ठापना ७ ऑक्टोबर १९५४ रोजी, विजयादशमीस झाली. दर्शनाच्या रांगेत मात्र तालीम यांचे नाव क्वचितच निघते.

तालीम हे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या परंपरेतले शिल्पकार. परंपरागत मूर्तिकार तालमानाने, म्हणजे मुखाची लांबी एकक धरून इतर अवयवांची प्रमाणे ठरविणाऱ्या शास्त्रोक्त पद्धतीने, देवतेची मूर्ती घडवितो, तर जे. जे.च्या वर्गात समोर बसलेल्या माणसाची हाडे, स्नायू व कातडीच्या घड्या पाहून ती मातीत उतरविण्याचा सराव होत असे. शिर्डीत या दोन वाटा एकत्र आल्या, कारण जी पूजेची मूर्ती व्हायची होती तिने ओळखीच्या माणसासारखेही दिसायला हवे होते, आणि तो माणूस तर १९१८ सालीच समाधिस्थ झाला होता. आधाराला होती ती थोडीफार कृष्णधवल छायाचित्रे. छायाचित्र एका बाजूचा, एका प्रकाशातला पुरावा देते. कानामागचा भाग, कवटीची खोली, पाठीचा बाक हे सारे शिल्पकाराला शरीररचनेच्या ज्ञानावरून अनुमानाने भरावे लागते. मुखावरचा भाव साधेना तेव्हा बाबांनीच तालीम यांना दर्शन दिले, अशी कथा भक्त सांगतात. भक्ताने ती श्रद्धेने ऐकावी. शिल्प शिकणाऱ्याने तिच्यातली अडचण ओळखावी.

मातीचे काम मनासारखे झाले की त्यावरून प्लॅस्टरचा साचा व साच्यातून प्लॅस्टरची प्रतिकृती काढतात. पुढे पॉइंटिंग यंत्राने, म्हणजे ठरावीक बिंदूंवर टेकविलेल्या चौकटीला सरकती सुई लावलेल्या साधनाने, प्रतिकृतीवरील प्रत्येक बिंदूची खोली दगडात नेली जाते. तेवढ्या खोलीपर्यंत, वर थोडा दगड राखून, टोकदार छिन्नीने जादा भाग उडवायचा, दातेरी छिन्नीने पृष्ठ एकसारखे करायचे आणि शेवटी सपाट छिन्नी, कानस व घासण्याचे दगड वापरायचे, असा हा क्रम आहे. यातले पुष्कळसे काम कुशल कारागीर करू शकतो. हे कळल्यावर काही विद्यार्थी हिरमुसतात, पण त्यांनी शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ आठवावी. विद्यार्थिदशेत केलेल्या, नाव मिळवून देणाऱ्या त्या कृतीचे माध्यम प्लॅस्टर होते.

दगडाचा स्वभाव मात्र मातीकामातच ध्यानात धरावा लागतो. संगमरवर म्हणजे उष्णता व दाब यांमुळे पुन्हा स्फटिकरूप झालेला चुनखडक. तो भार चांगला सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून पुढे पसरलेला हात त्यात धोक्याचा ठरतो आणि एका पायावर दुसरा पाय टाकून बसलेली शिर्डीची आकृती त्याला मानवते. प्रकाश त्याच्या पृष्ठाखाली किंचित शिरून परततो, त्यामुळे गाल व कपाळ सजीव भासतात. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरावरील शिल्पांच्या काळ्या पाषाणात हे होत नाही, तेथे कोरणाऱ्याला खोल सावल्यांवर भिस्त ठेवावी लागते. आम्लाशी मात्र संगमरवराचे वैर आहे. ज्या मूर्तीला दह्याचा समावेश असलेल्या पंचामृताचा अभिषेक वारंवार होणार, तिचे बारीक तपशील हळूहळू बोथट होणार हे गृहीत धरून पापण्या व ओठांच्या कडा बेताच्या ठळक ठेवणे शहाणपणाचे.

पूजेसाठी मूळ व्यक्तीशी साम्य लागतेच असे नाही. शिर्डीच्याच जिल्ह्यात शनिशिंगणापूरला न घडविलेली काळी शिळा उघड्यावर पूजली जाते. पण ज्याने व्यक्तिशिल्पाची वाट धरली त्याला साम्यापासून सुटका नाही. म्हणून शिकणाऱ्याने संगमरवर मागविण्याची घाई करू नये. घरातील ज्या दिवंगत वडीलधाऱ्याचा एकच जुना फोटो उरला असेल, त्याचे मस्तक मातीत करावे आणि ज्यांनी त्या व्यक्तीला पाहिले आहे अशा आत्या-मावश्यांपुढे ते मागच्या बाजूने ठेवावे. मान चुकली असेल तर त्या लगेच सांगतील. माती ओली असेतो ती दुरुस्त करता येते.