दम्यावर निलगिरीचे तेल : आशा आणि मर्यादा

सर्दी-पडसे झाले की गरम पाण्यात निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब टाकून वाफारा घेण्याची रीत महाराष्ट्रात घरोघरी रूढ आहे. हा वृक्ष मूळचा ऑस्ट्रेलियातील. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेतील निलगिरी पर्वतावर त्याची लागवड झाली आणि त्या पर्वताचेच नाव मराठीत त्याला मिळाले. त्याच्या पानांतून वाफेच्या साहाय्याने जे बाष्पनशील तेल काढतात, त्यातील प्रमुख घटक म्हणजे सिनिऑल. औषधी प्रतीच्या तेलात त्याचे प्रमाण ७० टक्के वा त्याहून अधिक असते. हे द्रव्य दम्याच्या रुग्णास कितपत उपकारक ठरेल, हा संशोधनाचा विषय झाला आहे.

दम्यात श्वासनलिकांच्या आतील अस्तरास दाह होऊन सूज येते, भोवतालचे स्नायू आकुंचन पावतात आणि चिकट कफ साचतो. परिणामी हवेचा मार्ग अरुंद होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी साडेचार लाखांहून अधिक रुग्ण दगावले.

सिनिऑलमुळे कफ पातळ होतो आणि दाह निर्माण करणाऱ्या द्रव्यांची निर्मिती कमी होते, असे प्रयोगशाळेत आढळून आले आहे. जर्मनीतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रोज स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागणारे ३२ रुग्ण होते. निम्म्यांना १२ आठवडे दिवसातून तीन वेळा २०० मिलिग्रॅम सिनिऑल दिले, तर उरलेल्यांना औषधविरहित कॅप्सूल दिली. कोणास काय मिळाले, हे रुग्णांस वा डॉक्टरांस ठाऊक नव्हते. पहिल्या गटातील स्टेरॉइडची मात्रा ३६ टक्क्यांनी कमी करता आली, दुसऱ्या गटात केवळ ७ टक्क्यांनी. पुढे २०१२ साली २४७ रुग्णांवरील सहा महिन्यांच्या प्रयोगातही नेहमीच्या औषधांना सिनिऑलची जोड दिल्याने श्वसनक्षमता सुधारल्याचे दिसून आले.

तथापि हे प्रयोग मोजून दिलेल्या शुद्ध सिनिऑलचे होते आणि रुग्णांचे मूळ उपचार वैद्यकीय देखरेखीखाली चालूच होते, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. बाजारातील तेलाची बाटली ही त्या औषधाची जागा घेऊ शकत नाही. हे तेल पोटात घेणे धोक्याचे असून, लहान मुलांस थोड्या प्रमाणातही विषबाधा होऊन झटके येऊ शकतात. उग्र वासाने काही रुग्णांची धाप उलट वाढते, आणि वाफाऱ्याचे गरम पाणी सांडून मुले भाजण्याचाही धोका असतो.

सुगंधी तेलाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटले, तरी श्वासनलिकांची सूज ओसरतेच असे नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर परस्पर बंद करू नये. बोलताना धाप लागणे, ओठ निळसर पडणे वा इन्हेलरनेही आराम न वाटणे ही लक्षणे दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास तातडीने रुग्णालयात नेणे, यातच त्याचे हित आहे.