पाऊस बघून खत

सूनबाई, परसबागेला शेणखत घालू की युरिया, असं विचारलंस. मी आधी विचारीन, आभाळ काय म्हणतंय? आपल्या भंडारदऱ्याला, घाटघर-रतनवाडीच्या अंगाला आषाढात जो पाऊस कोसळतो, त्यात फेकलेला युरिया वाफ्यात राहत नाही. विरघळतो आणि उतारानं ओढ्याला, तिथून प्रवरेला जातो. आपल्या तांबड्या, मुरमाड मातीला धरून ठेवायची ताकद कमी. ती ताकद शेणखतानं, पालापाचोळ्यानं येते. म्हणून ते पहिलं. रासायनिक खत त्यानंतर, तेही चिमटीनं.

शेणखत मात्र कुजलेलंच हवं. उकिरड्यात पहार खुपसायची, थोड्या वेळानं काढून हात लावायचा. गरम लागली तर खत अजून कच्चं. मूठभर हातात घे: शेणाचा वास गेलेला असावा, पहिल्या पावसाच्या मातीसारखा यावा. कच्च्या शेणातून हुमणी येते. पांढरी, जाड, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी. ती मुळं खाते नि वर वांगं भर पाण्यात सुकायला लागतं. मग लोक पाणी वाढवतात. असं झाड दिसलं की आधी मुळाशी उकरून बघ.

10 बाय 10 फुटांच्या वाफ्याला दोन घमेली, म्हणजे वीसेक किलो खत पुरे. आता हिशेब ऐक. 100 किलो शेणखतात नत्र जेमतेम अर्धा किलो आणि युरियात 46 टक्के. म्हणजे किलोभर युरियाचा नत्र शेणखतातून द्यायचा तर 90 किलोच्या वर ओढायचं. म्हणून टोमॅटो-वांग्यासारख्या हावऱ्या पिकाला थोडा युरिया देण्यात मला काही पाप वाटत नाही. एका वेळी अख्ख्या वाफ्याला 30 ग्रॅम, तोही उघडीप बघून, ओल्या मातीत, खोडापासून वीतभर लांब. पानावर पडला की पान करपतं. आणि 45 किलोची गोणी आणू नकोस. स्वस्त आहे म्हणून आणलेली गोणी इथल्या दमट हवेत दगड होते. शेजारणीकडून डबाभर घे.

घेवडा, वाल, मेथी यांना युरिया नकोच. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र घेतात. वर युरिया घातलास तर वेल माजेल, शेंग धरणार नाही. आपल्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल 2020 ची पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडच्या वालाच्या वाणांसारखी गावठी बियाणी शेणखतावर निभावतात. संकरित बी आणलंस तर त्याचं पोटही भरावं लागतं.

तांबड्या मातीची एक खोड आहे. तिच्यातलं लोह स्फुरद पकडून ठेवतं, मुळांना मिळू देत नाही. म्हणून सिंगल सुपर फॉस्फेट नुसतं पसरू नकोस. दीडशे ग्रॅम घेऊन वाफ्याच्या त्या दोन घमेली शेणखतात कालव आणि लागवडीआधीच वाफ्यात मिसळ. वरून टाकलेलं बरंचसं वाया जातं.

चुलीची राख पालाशासाठी चांगली, मातीचा आंबटपणाही कमी करते. पण राख आणि युरिया एकत्र कधी करू नकोस. नाकाला झोंबणारा वास सुटतो ना, तो तुझा नत्र उडून चाललेला असतो. मध्ये पंधरा दिवस जाऊ दे. ताज्या शेणातही राख नको. आणि प्लॅस्टिक जाळलेल्या चुलीची राख तर बागेत मुळीच नको.

जीवामृताचं सध्या फार ऐकतेस. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची माती. करावं, वासाची तक्रार कोणी करणार नसेल तर. मातीतले जीव त्यानं हलतात, पण वाफ्यात शेणखत नसेल तर त्या जीवांनी खायचं काय?

भाताला राब भाजतात तसा परसबागेत पाला जाळू नकोस. आंब्याचा, हिरड्याचा पाला खड्ड्यात शेणकाल्यासोबत कुजव. बांधाला गिरिपुष्प लाव आणि त्याच्या कोवळ्या फांद्या छाटून वाफ्यावर अंथर. जोराच्या सरींनी माती उडत नाही आणि खतही मिळतं.

एक काम मात्र पाऊस लागायच्या आत कर. वाफ्यात चार ठिकाणी वीतभर खोल खणून माती घे, सावलीत वाळव आणि अर्धा किलो तपासायला पाठव. राहुरीचं कृषी विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे. सामू आणि स्फुरदाचे आकडे हातात आले की मगच खताच्या दुकानात जा.