जुन्या पिकअपचे इंजिन तापते : दोष कसा शोधावा?

शेतमाल बाजारपेठेत नेण्यासाठी आज पुष्कळ गावांत पिकअप मोटारी वापरल्या जातात. त्यांपैकी जुन्या मोटारींचे इंजिन तापते, ही तक्रार उन्हाळ्यात विशेष ऐकू येते. अशा वेळी बहुधा थर्मोस्टॅट काढून टाकतात, नंतर रेडिएटर बदलतात, आणि तरीही दोष कायम राहतो. तापलेले इंजिन तसेच चालवीत राहिल्यास सिलिंडर हेड वाकते व ऐन हंगामात मोठा खर्च अंगावर येतो. पिकावरील रोगाचे निदान आपण लक्षणे पाहून करतो. त्याच रीतीने इंजिन केव्हा तापते हे पाहून मगच सुट्या भागाला हात लावावा.

प्रथम सावधगिरी

गरम रेडिएटरचे झाकण केव्हाही उघडू नये. झाकणामुळे आत दाब राहतो व त्यामुळे पाणी १०० अंश सेल्सियसवरही उकळत नाही. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो आणि उकळते पाणी उसळून हातातोंडावर येते. सर्व तपासणी इंजिन थंड असताना करावी.

इंजिन केव्हा तापते?

(१) मोटार उभी असताना किंवा सावकाश चालताना तापते, वेग घेताच काटा खाली येतो : येथे वारा कमी पडतो. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा; तो साधारण एक ते दीड सेंटिमीटरच दबावा. पंख्याभोवतीचे आवरण जागेवर आहे काय ते पाहावे. रेडिएटरच्या जाळीत धूळ, भुसा वा किडे अडकले असल्यास इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेस पाण्याची मंद धार सोडून ती धुवावी. जोराच्या धारेने पाती वाकतात.

(२) भार घेऊन चढ चढताना किंवा वेगात तापते : उदाहरणार्थ, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून रत्नागिरीकडून आंबा घाट चढताना. येथे पाण्याचे अभिसरण अपुरे असते. रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदल्या आहेत काय, खालचा होजपाइप इंजिनाचा वेग वाढविताच चपटा होतो काय, वॉटर पंप गळतो काय, हे पाहावे. ब्रेक धरून राहत असल्यास किंवा क्षमतेपेक्षा अधिक माल भरल्यास निर्दोष इंजिनही तापते.

(३) सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते : पाणी कमी असावे किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असावा. थर्मोस्टॅट काढून दोरीने पातेल्यातील पाण्यात लोंबता ठेवावा व पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशाच्या सुमारास, पुष्कळ इंजिनांत ८२ अंशांस, तो उघडू लागला पाहिजे. न उघडल्यास नवा बसवावा. त्याविना मोटार चालवू नये. इंजिन नीट न तापल्याने झीज वाढते व इंधन अधिक लागते.

(४) बाहेर गळती नसता पाणी घटते : रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, धुराड्यातून पांढरा धूर निघत राहणे, किंवा ऑइल दुधाळ होणे ही हेड गॅस्केट फुटल्याची लक्षणे होत. अशी मोटार चालवू नये. ती कुशल मेस्त्रीकडे ओढून न्यावी.

काटा वर जातो, परंतु वाफ, उकळी वा वास काहीच नाही, असे असल्यास मापकाचाच दोष संभवतो. तो दुसऱ्या तापमापकाने पडताळावा. झाकणाचे रबर चिरले असल्यास झाकण बदलावे. हा सर्वांत स्वल्प खर्चाचा उपाय होय.

पाणी कोणते घालावे?

विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी वारंवार घातल्याने, अंघोळीच्या बंबात बसतो तसा क्षारांचा थर इंजिनात बसतो. तो उष्णता बाहेर जाऊ देत नाही. यास्तव शुद्ध केलेले, क्षाररहित पाणी व निर्मात्याने सांगितलेले कूलंट वापरावे. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीस गोड परंतु विषारी आहे. काढलेले कूलंट गोठ्याजवळ, नालीत किंवा उघड्या भांड्यात ठेवू नये; गुरे, कुत्री वा मुले ते पिण्याचा धोका असतो.

वाटेत तापल्यास

सुरक्षित जागी मोटार थांबवून इंजिन बंद करावे आणि ते पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या, रिकाम्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतल्यास हेडला तडा जातो.

सारांश

आधी पाण्याची पातळी, झाकण, पट्टा व जाळी. नंतर होजपाइप व थर्मोस्टॅट. मग पंप व रेडिएटरचा अंतर्भाग. आणि शेवटी हेड गॅस्केट, असा तपासणीचा क्रम ठेवावा. मात्र चौथ्या प्रकारची लक्षणे दिसताच क्रमाची वाट न पाहता मोटार थांबवावी. कार्यकर्त्यांनी इंजिन केव्हा तापते याची नोंद वहीत करण्यास मोटारमालकास सांगावे व ती नोंद मेस्त्रीस दाखवावी. त्यामुळे अंदाजाने भाग बदलण्याचा खर्च वाचेल आणि माल वेळेवर बाजारात पोहोचेल.