सोयाबीनला टाकलेलं खत गव्हाला लागलं

आमच्या रिसोड तालुक्यात कुठे सोयाबीनमध्ये तुरीची तासं, तर विहिरीला पाणी असेल तिथे सोयाबीनच्या मागून गहू, नाहीतर हरभरा. हे चक्र ठरलेलं. खताचा हिशोब मात्र जो-तो एका पिकापुरताच करतो, आणि फसतो तो तिथेच.

एका मे महिन्याच्या अखेरीस आमच्या वावरात उकिरड्याच्या ट्रॉल्या पडल्या. शेणखत भरपूर आहे, तर सुपर फॉस्फेटचा खर्च कशाला, असं थोरल्या काकांचं म्हणणं. खतात मागच्या हंगामाचं कुटार जसंच्या तसं दिसत होतं. पेरणी मृगात साधली, उगवणही झाली. पण महिना होत आला तसं पीक पिवळं पडू लागलं. जागोजागी झाडं सुकली, उपटून पाहिलं तर मुळाशी हुमणी. कृषी केंद्रावाला म्हणाला, युरिया फेका. फेकला. मग पीक कमरेला लागलं, रस्त्यानं जाणारे थांबून पाहायचे. शेंगा मात्र मोजक्याच, आणि सप्टेंबरच्या पावसात बरंचसं लोळलं. झडतीचा आकडा घरात कोणी मोठ्यानं सांगितला नाही.

त्याच वावरात पुढे गहू पेरला, तो मात्र नजर लागावी असा आला!

कारण साधं आहे. कुटार-काडी कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं आणि ते जमिनीतलंच आधी उचलतात. सोयाबीनला ऐन वाढीत ते कमी पडलं. कुजणं आटोपल्यावर मोकळं झालं, तोवर गव्हाची पेरणी आली होती. वरून दिलेल्या युरियानं सोयाबीनच्या गाठींचं काम मंदावलं, सगळा जोर पाल्यात गेला. हुमणी तर कच्च्या शेणखताबरोबरच वावरात येते.

म्हणून खत कुजवायचं ते उन्हाळ्याआधीच. सोयाबीन निघालं की कुटार पेटवू नका. शेणाचा थर, कुटाराचा थर, वर पाणी, आणि अधूनमधून खालवर. चांगलं कुजलेलं खत एकरी दोन टन शेवटच्या वखरपाळीआधी पसरलं तरी पुरे.

त्यानं रासायनिक खत सुटत नाही. सोयाबीनसाठी विदर्भात शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ७५ स्फुरद, ३० पालाश; म्हणजे एकरी १२, ३० आणि १२. दोन टन शेणखतात स्फुरद जेमतेम चार किलो. उरलेलं बाहेरूनच आणावं लागतं. सुपर फॉस्फेट घेतलं तर एकरी सव्वातीन पोती होतात, जड वाटतात खरी, पण त्यातून अठराएक किलो गंधकही मिळतं, जे तेलबियांना हवंच असतं. डीएपीत ते नाही. ही मात्रा पेरणीबरोबर, बियाण्याखाली. माती तपासून त्यात कमी-जास्त करा. करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

जिवाणू संवर्धक बियाण्याला सगळ्यात शेवटी चोळायचं, बुरशीनाशकाच्या आधी नाही. आणि पीक पिवळं दिसलं की युरियाकडे धावू नका. फुलोऱ्याच्या सुमारास झाड हलक्या हातानं उपटा, गाठ फोडा. आत लालसर असेल तर नत्राची फॅक्टरी चालू आहे. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या जमिनीत, पाणी साचलं की हमखास दिसते. युरिया तिथे काही करत नाही.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठात ज्वारी-गव्हाच्या चक्रावर १९८८ पासून खतांचा दीर्घकालीन प्रयोग चालू आहे. तिथेही शिफारशीची रासायनिक मात्रा आणि जोडीला शेणखत, याच वाफ्यांनी वर्षानुवर्षं बाजी मारली.

शेणखत विकत घेणार असाल तर विकणारा 'काळंभोर आहे' म्हणेल. रंगावर जाऊ नका. ढिगाच्या पोटात हात घाला. आत ऊब असेल, काडी ओळखू येत असेल आणि शेणाचा वास मारत असेल, तर ट्रॉली भरू देऊ नका.