वॉरंटी आहे, तरी सर्व्हिस सेंटर 'नाही' म्हणतंय? फोनवर धंदा चालवणाऱ्यांनी काय करायचं



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मोबाइल आणि टॅबच्या वॉरंटीबद्दल बोललो. व्हिडिओत सगळं मावत नाही, म्हणून हा लेख. व्हिडिओ बघितला नसेल तरी चालेल, इथे सगळं पहिल्यापासून घेतलंय.

काही जण म्हणतील, "सर, धंद्याचं शिकवा, मोबाइल रिपेअरिंग काय शिकवताय?" पण जरा विचार करा, तुमचं दुकान आज कुठे आहे? ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते. पैसे आल्याचा मेसेज फोनवर येतो. गिऱ्हाइकांचे नंबर फोनमध्ये, उधारीची वही ॲपमध्ये, मालाचे फोटो गॅलरीत. फोन बंद म्हणजे शटर खाली. दुकानाच्या शटरला आपण दोन दोन कुलपं लावतो आणि फोनचं बिल कुठे ठेवलंय तेही आठवत नाही, असं का?

चला, एकेक मुद्दा घेऊ.

१. वॉरंटी नेमकी कशाची असते?

सगळा गोंधळ इथेच होतो. वॉरंटी म्हणजे "वर्षभर फोनला काहीही झालं तरी कंपनी फुकट करून देईल" असं नाही. कंपनीचं म्हणणं एवढंच असतं की आम्ही बनवताना काही दोष राहिला असेल, तर तो आम्ही दूर करू. आपल्याकडे नव्या फोनला साधारण एक वर्षाची वॉरंटी असते. चार्जर आणि इतर सोबतच्या वस्तूंना बऱ्याच कंपन्या त्याहून कमी मुदत देतात. मुदत आणि अटी खोक्यातल्या छोट्या पुस्तिकेत छापलेल्या असतात. ती पुस्तिका फेकू नका.

म्हणून फोन बिघडला की आधी स्वतःला विचारा, या तीनपैकी काय झालंय?

- बिघाड: फोन जपून वापरला, तरी स्पीकर गेला, स्क्रीनवर आपोआप रेघ आली, चार्जिंग होईना. ही वॉरंटीची केस.
- इजा: फोन पडला, पाण्यात गेला, खिशात दबून वाकला. ही साध्या वॉरंटीत बसत नाही. यासाठी वेगळं पैसे भरून घेतलेलं अपघात संरक्षण किंवा विमा लागतो.
- बदल: तुम्ही किंवा दुसऱ्या कोणी फोन उघडला, बाहेरचा पार्ट टाकला, नाहीतर आतलं सॉफ्टवेअर बदललं. इथे वाद होतो.

आणखी एक. फोन घेताना दुकानदार "एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या" म्हणतो. तेव्हा एकच प्रश्न विचारा: "पडला, फुटला, भिजला तर चालेल का?" कारण एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे बहुतेक वेळा तीच वॉरंटी आणखी एक वर्ष. फुटण्याचं संरक्षण वेगळं असतं. दोन्हींची नावं सारखी वाटतात, काम वेगळं आहे.

२. "फोन पाण्यात गेलाच नाही हो!"

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. पण फोनच्या आत एक छोटा पट्टा असतो, पाणी लागलं की त्याचा रंग बदलतो. आयफोनमध्ये तो पांढरा किंवा चंदेरी असतो आणि पाणी लागलं की लाल होतो. बऱ्याच मॉडेलमध्ये सिमकार्डाच्या खाचेत टॉर्च मारली की तो दिसतो. इतर कंपन्याही असे पट्टे लावतात.

आता जाहिरातीत फोन पाण्यात बुडवून दाखवतात, 'आयपी ६८' असं लिहितात. आपल्याला वाटतं, मग वॉरंटी मिळणारच. तसं नाही. ते रेटिंग प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यातल्या चाचणीचं असतं. ॲपलसारखी कंपनीसुद्धा पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाही, हे त्यांच्या अटीत स्पष्ट आहे. तुमचा धंदा स्वयंपाकघरातला असेल, मासळीचा असेल, रसवंती किंवा नर्सरी असेल, तर फोनला पाण्याची भीती जास्त. शंभर-दोनशे रुपयांचं वॉटरप्रूफ कव्हर हाच तुमचा विमा समजा.

३. रूट केलं, रॉम बदलली. आता?

जुना टॅब बिलिंगसाठी वापरायचा म्हणून अनेक जण त्याचं सॉफ्टवेअर बदलतात. बूटलोडर उघडतात, रूट करतात, दुसरी रॉम टाकतात. तंत्राची आवड चांगली आहे, पण धंद्याच्या फोनवर हे करण्याआधी दोन गोष्टी माहीत हव्यात.

पहिली: "परत कंपनीचं सॉफ्टवेअर टाकलं की कोणाला कळतंय?" हा समज चुकीचा आहे. सॅमसंगच्या फोनमध्ये नॉक्स नावाची सुरक्षा व्यवस्था असते. अनधिकृत सॉफ्टवेअर टाकलं की आतला एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो आणि त्याची नोंद ०चा १ होते. मग कितीही वेळा मूळ सॉफ्टवेअर टाका, तो १चा ० होत नाही. सर्व्हिस सेंटर ते बघू शकतं. त्या फोनवर सिक्युअर फोल्डरसारख्या सोयीही कायमच्या जातात.

दुसरी गोष्ट तर वॉरंटीपेक्षा मोठी आहे. बँकांची आणि यूपीआयची बरीच ॲप रूट केलेल्या फोनवर चालायला नकार देतात. म्हणजे गल्ल्यालाच कुलूप!

काही जण परदेशी व्हिडिओ बघून सांगतात, "रूट केलं तरी वॉरंटी जात नाही, कायदा आहे." हो, अमेरिकेत १९७५चा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे. फक्त बाहेरचा पार्ट वापरला म्हणून वॉरंटी नाकारायला तिथे कंपनीवर बंधनं आहेत. पण तो अमेरिकेचा कायदा आहे. आपल्या सर्व्हिस सेंटरमध्ये तो दाखवून उपयोग नाही. तसंच, दुबईहून मामाने आणलेल्या फोनची वॉरंटी भारतात चालेलच असं नाही, हेही आधी तपासा.

मग बदल केलेल्या फोनची आशा सोडायची का? लगेच नाही. समजा तुम्ही बाहेरून फक्त मागची काच बदलली आणि आता सिमचं नेटवर्क गेलं. सेंटर म्हणालं, "फोन उघडलाय, वॉरंटी संपली." तर भांडू नका. शांतपणे विचारा: "या काचेमुळे हा बिघाड कसा झाला, ते लेखी द्या." अटींमध्ये काय आहे आणि बदलाचा बिघाडाशी संबंध काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लेखी उत्तर मिळालं तरच पुढचा रस्ता उघडतो. मात्र एक करू नका: खोटं बोलू नका. एक खोटं पकडलं गेलं की तुमची खरी तक्रारही कोणी ऐकत नाही.

४. सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी

हा भाग वहीत लिहून घ्या.

- बिल घ्या. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पुसट होतं, म्हणून घेतल्याच दिवशी फोटो काढून स्वतःला ईमेल करा.
- आयएमईआय नंबर लिहून ठेवा. *#०६# डायल केलं की दिसतो. बिलावर तोच नंबर आहे का बघा.
- व्हॉट्सॲपचा आणि फोटोंचा बॅकअप घ्या. दुरुस्तीत डेटा गेला तर बहुतेक कंपन्या जबाबदारी घेत नाहीत.
- बँकेची आणि यूपीआयची ॲप काढा. सिम आणि मेमरी कार्ड स्वतःजवळ ठेवा. शक्य असेल तर फोन रीसेट करूनच द्या. यूपीआयचा पिन कोणालाही सांगायचा नाही, अगदी इंजिनिअरलासुद्धा.
- चारही बाजूंनी फोटो आणि बिघाडाचा छोटा व्हिडिओ काढा. बिघाड कधी होतो, कधी नाही, असा असेल तर व्हिडिओ फार कामाला येतो.
- बॅटरी फुगली असेल तर फोन दाबू नका, चार्जिंगला लावू नका. आधी बंद करा.

सेंटरमध्ये सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे जॉबशीट. आपण घाईत सही करतो आणि तिथेच फसतो. सही करण्याआधी तीन ओळी वाचा: तुमची तक्रार बरोबर लिहिली आहे का, फोनची स्थिती काय लिहिली आहे, आणि 'वॉरंटीत' की 'वॉरंटीबाहेर' यापैकी कुठे खूण आहे. कोपऱ्यावर एक ओरखडा असताना 'स्क्रीन डॅमेज' लिहिलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. एक प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

५. "वॉरंटीत बसत नाही" असं सांगितलं, तर?

आता धंद्याचं डोकं वापरायचं. दोन रस्ते आहेत. कोणता घ्यायचा ते आधी ठरवा, कारण दोन्हींवर एकदम चालता येत नाही.

पहिला रस्ता: चूक आपलीच आहे. फोन पडलाय, भिजलाय. मग वाद घालण्यात वेळ घालवू नका. हिशोब मांडा. समजा, एक ताई घरगुती डबे पुरवतात आणि रोजचा निव्वळ नफा ६०० रुपये आहे. दुरुस्तीचा खर्च ४,००० रुपये. फोन आठ दिवस वादात अडकला आणि रोजच्या निम्म्या ऑर्डरी गेल्या, तर २,४०० रुपये तिथेच बुडाले. शिवाय गेलेलं गिऱ्हाईक परत येईलच असं नाही. अशा वेळी पैसे भरून फोन लवकर हातात घेणं स्वस्त पडतं. पण दुरुस्तीचा खर्च फोनच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त असेल, तर नवीन किंवा चांगला जुना फोन घेण्याचा विचार करा.

दुसरा रस्ता: चूक आपली नाही, याची खात्री आहे. मग क्रमाने जा.

नकाराचं कारण लेखी मागा, सोबत आतले फोटोही मागा. कंपनीच्या मुख्य ग्राहक सेवेला ईमेल करा, जॉबशीट नंबर द्या. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तरी नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची.

आणि या रस्त्यावर असाल तर फोन बाहेर उघडू नका! गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासणीला पाठवू शकतो. तुम्ही मध्येच गल्लीतल्या दुकानात फोन उघडला, तर पुरावाच गेला.

६. "तुम्ही तर व्यावसायिक, ग्राहक कुठे?"

हा मुद्दा आपल्यासाठी सर्वांत मोलाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार व्यापारी हेतूने वस्तू घेणारा 'ग्राहक' ठरत नाही. हे वाचून अनेक छोटे व्यावसायिक घरी बसतात. पण त्याच कलमात पुढे स्पष्टीकरण आहे: स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरत असाल, तर तो व्यापारी हेतू नव्हे. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच समजावलं. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहक आहे. दुसऱ्याच्या हाती देऊन धंदा करणारा नाही.

म्हणजे शिवणकाम करणाऱ्या ताईंचा ऑर्डर घेण्याचा फोन सुरक्षित आहे. पण दहा पोरांना वाटायला कंपनीच्या नावाने दहा टॅब घेतले, तर तिथे प्रश्न उभा राहू शकतो. तक्रारीत "हा फोन मी स्वतः, उदरनिर्वाहासाठी वापरतो" हे वाक्य जरूर लिहा.

७. मोबाइल रिपेअरिंगचा धंदा करायचाय?

मग हीच माहिती तुमचं भांडवल आहे. गिऱ्हाइकाचा फोन उघडण्याआधी विचारा, "वॉरंटी शिल्लक आहे का?" असेल तर त्याला स्वतःहून सर्व्हिस सेंटरला पाठवा. आजचे ५०० रुपये जातील, पण तो माणूस गावभर तुमचं नाव सांगेल. बाहेरचा पार्ट टाकत असाल तर तसं सांगा, बिलावर लिहा, जुना पार्ट परत द्या आणि तुमच्या कामाची स्वतःची लेखी वॉरंटी द्या, तीस दिवसांची का असेना. आयएमईआय बदलून देण्याच्या भानगडीत कधी पडू नका, तो गुन्हा आहे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती लोकांना मिळावी म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलंय, तेही बघून ठेवा.

आजचा गृहपाठ

लेख वाचून झाला की दहा मिनिटं काढा. बिल शोधा, फोटो काढा, ईमेल करा. आयएमईआय वहीत लिहा. वॉरंटी कधी संपते ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि त्याच्या पंधरा दिवस आधीची आठवण लावा. बारीकसारीक बिघाड असतील तर मुदत संपायच्या आत दाखवून घ्या.

झालं की कॉमेंटमध्ये फक्त "बिल सापडलं" एवढं लिहा. आणि नाही सापडलं तर आज संध्याकाळीच दुकानदाराकडे जाऊन दुसरी प्रत मागा. फोन चालू आहे तोवर तो हसून देईल.